पहिली पायरी म्हणता, तर दुसरी कुठे आहे?

प्रति,
आयटी सपोर्ट विभागांचे प्रमुख, मनुष्यबळ विभागाचे अधिकारी आणि ही सेवा कंत्राटाने देणारे-घेणारे व्यवस्थापक यांस,

विषय : एल-वन, म्हणजे तक्रारीचा पहिला फोन घेणाऱ्या सपोर्टच्या पहिल्या पायरीच्या नोकरीतील पगार आणि तिथून पुढे जाण्याची वाट

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी अकरा वर्षे आयटी सपोर्टमध्ये आहे. त्यांपैकी पहिली तीन हेडसेट लावून फोन घेण्यात गेली, पुढची चार एल-टूमध्ये, म्हणजे एल-वनला न सुटलेल्या तक्रारी सोडवणाऱ्या वरच्या पायरीवर, आणि आता टीम लीड म्हणून नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे असते. मुलाखतीच्या शेवटी पगाराचा आकडा सांगितला की समोरचा चेहरा किंचित उतरतो, आणि मग मी एक वाक्य म्हणतो, जे मलाही कधीकाळी असेच टेबलापलीकडून ऐकवले गेले होते : "सुरुवातीला पगार जरा कमी वाटेल, पण शिकायला भरपूर मिळेल." काही महिन्यांपूर्वी एका उमेदवाराने हे वाक्य पूर्ण ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "सर, नेमके काय शिकायला मिळेल, आणि ते शिकून झाले की पगार किती होईल?" दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते. समोरच्या फाइलमध्ये पदाचे नाव, शिफ्टच्या वेळा आणि पगाराचा आकडा एवढेच होते. तो उमेदवार रुजू झाला नाही, आणि त्याचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

एल-वनचा कमी पगार आपण सगळेच 'शिकण्याचा काळ' या सबबीवर योग्य ठरवत आलो आहोत. याचा अर्थ असा की पगाराचा एक भाग पैशांत आणि दुसरा भाग शिकवणीत द्यायचा, असा हा अलिखित करार आहे. पैशांच्या भागाचे पगारपत्रक दर महिन्याला निघते आणि त्यात अर्ध्या दिवसाची बिनपगारी रजासुद्धा सुटत नाही. शिकवणीच्या भागाचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही, आणि माझ्या पाहण्यात तरी बहुतेक ठिकाणी तो भाग दिलाच जात नाही. तो द्यायचा नसेल, तर मग पगार कमी ठेवण्याला कोणते कारण उरते, हे आपण सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शिकणे कुठे अडते, ते एका साध्या तिकिटावरून, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीवरून, सांगतो. एका कर्मचाऱ्याचे अकाउंट एका दिवसात पाच वेळा लॉक झाले. मुदत संपली म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी पासवर्ड बदलला होता आणि तेव्हापासून हे सुरू झाले होते. एल-वनवरच्या मुलीने पाचही वेळा त्यांची ओळख पडताळली, अकाउंट उघडून दिले, पाच तिकिटे उघडली आणि पाचही बंद केली. दिवसाच्या तक्त्यात तिची कामगिरी उत्तम दिसली. खरे कारण असे होते की, मीटिंग रूममधल्या एका संगणकावर त्या कर्मचाऱ्याचे जुने लॉगिन तसेच उघडे राहिले होते, आणि तो संगणक जुना पासवर्ड घेऊन पुन्हा पुन्हा सर्व्हरचे दार ठोठावत होता. डोमेन कंट्रोलरच्या, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) ४७४० क्रमांकाची नोंद उघडली की अकाउंट कोणत्या यंत्रामुळे लॉक झाले त्याचे नाव तिथेच लिहिलेले असते. दोन मिनिटांचे काम आहे. पण तो लॉग वाचण्याची परवानगी एल-वनला नव्हती, त्यामुळे अशी काही नोंद असते हेही तिला ठाऊक नव्हते. सहाव्या वेळी तिकीट एल-टूकडे गेले, तिथे कोणीतरी कारण शोधले, मीटिंग रूममधले लॉगिन बंद केले, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'रिझॉल्व्ड' एवढाच शब्द लिहून तिकीट मिटवले. काय सापडले आणि ते कसे शोधले, हे त्या मुलीपर्यंत पोचलेच नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एकाचे अकाउंट लॉक व्हायला लागले, तेव्हा तिने पुन्हा पाच तिकिटे उघडली आणि पाच बंद केली.

एल-टूमधला तो 'कोणीतरी' मीच होतो. माझ्या क्यूमध्ये त्या वेळी आणखी तीस तिकिटे पडून होती आणि चार ओळी लिहायला मला वेळ नव्हता, असे मी स्वतःला सांगितले होते.

लॉग नुसता वाचण्याची परवानगी द्यायला कोणताही खर्च येत नाही. ती दिली जात नाही, कारण एल-वनने काय करावे याची व्याख्या आपण 'स्क्रिप्टमध्ये असेल तेवढे' अशी करून ठेवली आहे, आणि मग दोन वर्षांनी बढतीच्या मुलाखतीत त्याच माणसाला विचारतो की, तुला लॉग वाचता येतात का?

मोजमापाचेही तसेच आहे. एका कॉलला सरासरी किती मिनिटे लागली, पहिल्याच संपर्कात किती तक्रारी सुटल्या, दिवसात किती तिकिटे बंद झाली, हे आकडे रांग सांभाळायला लागतातच आणि त्यांना माझी हरकत नाही. पण हेच आकडे पगारवाढीलाही लावले की माणूस कारण शोधायला थांबत नाही, कारण थांबणे त्याच्याच अंगाशी येते. आयटी सेवा चालवण्याच्या ज्या आयटिल पद्धतीचे नाव घेऊन आपण प्रक्रिया आखतो, ती पद्धत १९८० च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेत तयार झाली आणि तिने 'इन्सिडेंट' आणि 'प्रॉब्लेम' या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या : बंद पडलेले काम आत्ता सुरू करून देणे ही पहिली, आणि ते पुन्हा पुन्हा का बंद पडते याचा शोध घेणे ही दुसरी. आपण यातली पहिली गोष्ट एल-वनच्या गळ्यात घातली आणि दुसरी वरच्या मजल्यावर नेली. वास्तविक एकच तक्रार आठवड्यात वीस वेळा आली आहे, हे सर्वांत आधी कळते ते फोन घेणाऱ्यालाच.

पासवर्डचेच घ्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले आहे की, पासवर्ड उघड झाल्याची खूण नसेल तर तो केवळ ठरावीक मुदत संपली म्हणून बदलायला लावू नये. मुदत संपण्याच्या दिवसांत फोन किती वाढतात, हे आमच्यातला नवखाही सांगेल. पण समजा एखाद्या एल-वनने ही सूचना वाचली, आपल्याकडच्या तिकिटांची आकडेवारी जोडली, आणि नियम बदलण्याचा प्रस्ताव दिला. प्रस्ताव मान्य झाला तर त्याची तिकिटे घटतील, घटलेल्या तिकिटांमुळे त्याचा 'आउटपुट' कमी दिसेल, आणि पुढच्या वर्षी त्या टीममधली एक जागाही कमी केली जाईल. स्वतःच्या पायावर असा धोंडा कोण पाडून घेईल?

वेळेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण 'शिकायला वेळ द्या' म्हटले की लगेच उत्तर येते की वेळच नाही. एक खुर्ची चोवीस तास आणि सातही दिवस भरलेली ठेवायची, तर आठवड्याचे १६८ तास होतात. चाळीस तासांच्या आठवड्याने भागले तर ४.२ माणसे लागतात, आणि रजा, आजारपण, शिफ्ट सोपवतानाची पंधरा-वीस मिनिटे धरली तर पाचाहून अधिक. प्रत्यक्षात चार माणसांवर रोस्टर (पाळ्यांचा तक्ता) ओढले जाते आणि पाचव्या माणसाचे तास प्रशिक्षणातून कापले जातात, कारण प्रशिक्षण रद्द झाल्याची तक्रार कोणी ग्राहक करत नाही. दुसरे असे की, डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना रांगेचे जे गणित मांडले, त्याच्याच आधारे कॉल सेंटरमध्ये किती माणसे बसवायची ते आजही काढले जाते. ते गणित सांगते की फोन घेणारी माणसे शंभर टक्क्यांच्या जवळ गुंतवून ठेवली, तर थांबणाऱ्यांची रांग थोडी थोडी न वाढता एकदम फुगते. म्हणजे चांगल्या सेवेसाठी काही मिनिटे मोकळी असणे हा त्या आखणीचाच भाग आहे. ही मोकळी मिनिटे आपल्याला आळस वाटतात. त्यांतूनच रोज अर्धा तास वाचनाचा आणि जुनी तिकिटे तपासण्याचा निघू शकतो.

आता पगाराकडे येतो. रुजू होताना पगार १०० होता असे धरू. दरवर्षी पाच टक्के वाढ मिळाली तर तीन वर्षांनी तो ११६ च्या आसपास जातो. मधल्या काळात बाजारभाव चढला आणि नव्या उमेदवाराला १२० देऊन घ्यावे लागले, तर तीन वर्षे काम केलेला माणूस ज्याला शेजारी बसवून काम शिकवतो त्याच्यापेक्षाच कमी कमावतो. अशा गोष्टी लपून राहत नाहीत. पगार सांगू नका असे पत्रात लिहिले तरी दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना कळते. बढतीतही हेच होते. बाहेरून येणाऱ्या एल-टूला त्या पदाचा पगार मिळतो, आणि आतून वर जाणाऱ्याला त्याच्या जुन्या पगारावर ठरलेले टक्के. माझ्या पहिल्या कंपनीत मी सात महिने एल-टूचे काम एल-वनच्या पगारात केले, 'आधी करून दाखवा' म्हणून. आणि ते करून दाखवल्यावर बारा टक्के वाढ मिळाली, तेव्हा माझ्या शेजारी त्याच कामाला बाहेरून आलेला सहकारी माझ्या दीडपट पगारावर बसला होता. वर्षभरात मी नोकरी बदलली आणि दुसरीकडे मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत तो पगार मिळाला. मला सोडून जायला कोणी शिकवले, याचे उत्तर त्या कंपनीच्या पगारधोरणात लिहिलेले होते.

कंत्राटावरच्या मुलांची स्थिती याहून अवघड आहे. ग्राहक कंपनी समजते की प्रशिक्षण कंत्राटाच्या दरात आलेच. कंत्राटदार समजतो की ग्राहकाची प्रणाली ग्राहकानेच शिकवावी. आणि मध्ये उपकंत्राटदार असला तर त्याला माणसाचे नावही नीट माहीत नसते. चार-चार वर्षे एकाच मजल्यावर, त्याच लोकांची यंत्रे दुरुस्त करत बसलेल्या माणसाला त्या मजल्यावरच्या अंतर्गत भरतीची मेल येत नाही, कारण त्याचा मेल आयडी 'बाहेरचा' असतो. कंत्राट बदलले की नवा कंत्राटदार त्याच माणसाला त्याच खुर्चीवर नव्याने रुजू करून घेतो, आणि त्याची ज्येष्ठता पुन्हा शून्यावर येते. बढतीसाठी त्याने कोणाला भेटावे, हे मला टीम लीड असूनही सांगता येत नाही.

आणि या सगळ्यात जबाबदारी मात्र पहिल्या पायरीची राहिलेली नाही. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवा. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख, विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. यंत्रच सुरू होत नसल्याने दुरून दुरुस्ती करणे अनेक ठिकाणी शक्य नव्हते. ते सेफ मोडमध्ये नेऊन एक फाइल काढावी लागत होती, आणि डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकावी लागत होती. माझ्या टीममधला सर्वांत नवा मुलगा त्या दिवशी फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवत होता, पलीकडून चुकले की पहिल्या गटापासून पुन्हा, एकेका माणसाला धीर देत, शिफ्ट संपून गेल्यावर पाच तास. संध्याकाळी वरिष्ठांची आभाराची मेल सर्वांना आली. त्या महिन्याच्या अहवालात त्याच्या नावापुढे लाल खूण होती, कारण त्याचा सरासरी कॉल-कालावधी मर्यादेबाहेर गेला होता. ती खूण काढून घ्यायला मला तीन मेल लिहाव्या लागल्या.

सुरक्षेचेही तेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्स या कंपनीवर जो सायबर हल्ला झाला, त्याची सुरुवात हेल्प डेस्कला केलेल्या एका फोनने झाल्याचे तेव्हा मोठ्या प्रमाणावर छापून आले. कंपनीने नंतर नोंदवलेला फटका सुमारे १० कोटी डॉलरचा होता. फोनवरचा आवाज खऱ्या कर्मचाऱ्याचा आहे की भामट्याचा, हा निर्णय संस्थेतला सर्वांत कमी पगाराचा माणूस, घड्याळाकडे पाहत, काही मिनिटांत घेत असतो. हो म्हटले आणि चुकले तर नोकरी जाते, नाही म्हटले आणि पलीकडे खराच मोठा अधिकारी निघाला तर तक्रार होते. या निर्णयाची किंमत पगारात कुठे दिसते?

प्रमाणपत्रांविषयी थोडक्यात. आयटीतली प्रमाणपत्रे देणाऱ्या कॉम्पटियाचे ए प्लस हे १९९३ पासून चालत आलेले प्रमाणपत्र या कामाचा पाया मानले जाते. त्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि ते तीन वर्षांनी नूतनीकरणाला येते. ते जाहिरातीत सक्तीचे असेल, तर त्याचे शुल्क आणि परीक्षेच्या दिवसाची रजा उमेदवाराच्या खिशातून जाऊ नये. आणि 'फ्रेशर' शब्दाखाली दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती कोण लिहितो, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

चॅटबॉटमुळे हा प्रश्न आपोआप मिटेल, असे अलीकडे बैठकांत ऐकू येते. मला उलटे दिसते. पासवर्ड रीसेट आणि सॉफ्टवेअर बसवून देणे ही सोपी कामे बॉटकडे गेली की माणसाकडे उरतात ती गुंतागुंतीची, आणि बॉटशी वीस मिनिटे झगडून वैतागलेल्या माणसाची तिकिटे. म्हणजे काम एल-टूच्या दर्जाचे, मोजमाप जुन्या सोप्या तिकिटांचे, आणि पगार एल-वनचा. शिवाय हा बॉट ज्या नॉलेज बेसवर उत्तरे देतो, त्यातले लेख रात्रपाळीत याच मुलांनी लिहिलेले असतात, आणि त्या लेखनाला अप्रेझलच्या तक्त्यात रकाना नसतो. खालची पायरीच काढून टाकायची असेल तर तसे ठरवा, पण मग दहा वर्षांनी नेटवर्क आणि सर्व्हर सांभाळणारी माणसे कुठून येणार, हेही आजच ठरवावे लागेल. मी स्वतः त्या पायरीवरूनच वर आलो आहे.

'शिकवले की सोडून जातात' हा आक्षेप मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे आणि टीम लीड झाल्यापासून स्वतः त्याची झळही सोसली आहे. पण न शिकवताही लोक जातातच, आणि रात्री घरी बसून जे स्वतःहून शिकतात तेच आधी जातात. मागे उरतात ते शिकण्याची उमेद संपलेले, आणि मग त्यांच्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो की या पदाला एवढाच पगार योग्य आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. प्रत्येकाने सर्व्हर किंवा क्लाउडकडे जावे असे नाही. माझ्या टीममध्ये एक बाई नऊ वर्षे फोनवर आहेत. घाबरलेल्या माणसाला दोन वाक्यांत शांत करून नेमका प्रश्न काढून घेण्याचे त्यांचे कसब माझ्यात नाही आणि आमच्या कोणाही इंजिनिअरमध्ये नाही. त्यांना एल-टू व्हायचे नाही. तरीही त्यांचा पगार वाढायचा असेल तर त्यांना आवडते ते काम सोडावे लागेल, कारण आपल्याकडे पगाराच्या श्रेणी कामाच्या नावाला चिकटलेल्या आहेत. एल-वनमध्येच दोन-तीन श्रेणी ठेवल्या तर कोणाचे काय बिघडेल, ते मला कळलेले नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. एल-वन पदाच्या पगाराची किमान-कमाल मर्यादा आणि तिच्या पुढच्या दोन पदांची मर्यादा नियुक्तीपत्रासोबत लेखी द्यावी, आणि एका पदावरून दुसऱ्या पदावर जायला नेमके काय येणे आवश्यक आहे तेही त्यातच लिहावे. आतून बढती मिळालेल्याला त्या पदाचा पगार द्यावा, जुन्या पगारावरचे टक्के नव्हे. आठवड्याचे किमान तीन तास रोस्टरमध्येच शिकण्यासाठी राखावेत, आणि ते रद्द झाले तर चुकलेल्या एसएलएसारखी, म्हणजे ग्राहकाला दिलेल्या सेवेच्या मुदतीसारखी, त्याचीही नोंद व्हावी. लॉग वाचण्याची परवानगी पहिल्या तिमाहीनंतर मिळावी. एल-टूने परत पाठवलेल्या प्रत्येक तिकिटावर कारण आणि शोधण्याची रीत चार ओळींत लिहिणे सक्तीचे करावे. ही सक्ती सर्वांत आधी माझ्यासारख्यांवरच येईल, आणि यावी. कंत्राटात प्रशिक्षणाचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवावा, म्हणजे तो कोणी खाल्ला हे तरी कळेल. आणि कंत्राटदार बदलला तरी माणसाची सेवा-वर्षे कायम धरावीत.

आणखी एक आकडा मला हवा आहे : गेल्या पाच वर्षांत आपल्या सर्व्हिस डेस्कवर रुजू झालेल्यांपैकी किती जण संस्थेतच वरच्या पदावर गेले, आणि त्यांना त्यासाठी सरासरी किती महिने लागले. हा आकडा मनुष्यबळ विभागाकडे असतोच. तो नोकरीच्या जाहिरातीत छापावा, आणि शून्य असेल तर शून्य छापावा. पुढच्या महिन्यात माझ्याकडे सहा मुलाखती आहेत. त्यांच्या आधी तो कागद माझ्या फाइलमध्ये यावा, ही विनंती.

आपला,
आयटी सपोर्टमधील एक टीम लीड